घरापूर्वीची जागा : बालाघाट परिसरातील निवाऱ्याच्या प्रश्नाचा इतिहास



ज्या शिक्षकांनी आयुष्यभर या परिसरातील मुलांना अक्षरओळख करून दिली, त्यांच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी शाळेने मला दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. स्मृतिव्याख्यानात थोरांची चरित्रे सांगण्याची प्रथा आहे. मी मात्र आज राजे, लढाया आणि तह यांच्यापासून दूर असलेला एक विषय निवडला आहे. आपल्या किरनापूर परिसरात आणि एकूणच वैनगंगेच्या खोऱ्यात गरीब माणसाला राहते घर कसे मिळाले, कोणाला मिळाले नाही, आणि ते मिळवून देण्यासाठी सरकारने व समाजाने काय केले, हा तो विषय होय. सामान्य माणसाच्या घराचा इतिहास बखरीत सापडत नाही. तो बंदोबस्ताच्या अहवालांत, गावाच्या नकाशांत आणि कायद्याच्या कलमांत विखुरलेला असतो. तो एकत्र करून पाहिला, तर आजच्या घरकुल योजनांचे यशापयश अधिक स्पष्टपणे समजते, असे मला वाटते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जनगणनेच्या दृष्टीने बेघर म्हणजे जो कोणत्याही घरात राहत नाही, रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर किंवा देवळाच्या ओट्यावर रात्र काढतो तो. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली, आणि देशभरात ती संख्या सुमारे १७ लाख ७० हजार भरली. त्यांपैकी सुमारे ८ लाख ३५ हजार माणसे ग्रामीण भागातील होती. मध्य प्रदेशात सुमारे १ लाख ४६ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार बेघर नोंदले गेले. परंतु पडक्या भिंतींत, गळक्या छपराखाली आणि दुसऱ्याच्या जागेवर राहणारा माणूस या आकड्यांत येत नाही. आपल्या भागातील खरा प्रश्न बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचा आहे. येथे उघड्यावर झोपणारे थोडे. पण ज्यांच्या पायाखालची जागा त्यांची नाही, असे पुष्कळ होते.

मालगुजारीचा काळ

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, आणि १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग घेऊन बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला. याच दशकात ब्रिटिशांनी मध्य प्रांतात जो जमीन बंदोबस्त केला, त्यात गावाचा सारा वसूल करणाऱ्या पाटलांना व मालगुजारांना गावाचे मालकी हक्क देण्यात आले. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही घटना मूलभूत आहे. कारण शेतीबरोबरच गावाची आबादी, म्हणजे ज्या भूमीवर घरे उभी होती ती वस्तीची जागा, पडीत जमीन आणि जंगल हीदेखील मालगुजाराच्या मालकीची ठरली.

त्या काळी घर बांधण्यास रोख पैसा फारसा लागत नसे. भिंतीला गावचीच माती, कुडाला बांबू, आढ्याला जंगलातील लाकूड आणि वर गवत अथवा कुंभाराने भाजलेले कवेलू. शेजारीपाजारी हात लावीत आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारून होई. जंगलातून घरापुरते लाकूड, बांबू, गवत घेण्याच्या या वहिवाटीला 'निस्तार' म्हणत. निस्ताराच्या व इतर रूढ हक्कांच्या नोंदी 'वाजिब-उल-अर्ज' या गावच्या दस्तऐवजात होत असत. कुळाला आणि गावच्या कारागिराला आबादीत घरापुरती जागा मिळावी, हे तत्त्वही पुढे कायद्याने मान्य केले.

ही व्यवस्था वरवर पाहता उदार दिसते, आणि काही अंशी ती होतीही. परंतु तिची दुसरी बाजू विसरता येत नाही. जो कुळ होता त्याला आधार होता; जो केवळ सालगडी होता त्याचे छप्पर मालकाच्या मर्जीवर टिकून असे. चाकरी सुटली की खोपटीही सुटे. जागा देणाऱ्याची वेठ नाकारणे सोपे नव्हते. अर्थात त्या काळी घराची किंमत पैशात मोजली जात नसली, तरी ती मोजावी लागतच होती. जुन्या गावगाड्याचे गुणगान करताना आपण हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुष्काळ आणि सरकारी निवारा

ही घडी किती नाजूक होती, हे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दाखवून दिले. धानावर जगणारा बालाघाट जिल्हा त्यांत होरपळून निघाला. १८९१ च्या मानाने १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटून ३ लाख २६ हजारांच्या आसपास आली. अन्नाच्या शोधात माणसांनी घरे सोडली. मध्य प्रांतात सरकारने 'पुअर हाउस' या नावाने ओळखले जाणारे आश्रयगृह उघडले, आणि भटकणाऱ्या, काम करण्यास असमर्थ अशा माणसांना तेथे ठेवण्यात आले. सरकारी तिजोरीतून निराश्रितांसाठी झालेला हा या भागातील आरंभीचा मोठा खर्च म्हणता येईल. पण त्याचा हेतू मरण टाळण्यापुरता होता. दुष्काळ ओसरला की आश्रयगृह बंद. परतलेल्या माणसाला पुन्हा घर उभारता येईल की नाही, याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. तात्पुरता निवारा आणि कायमचे घर यांतील हे अंतर पुढेही दीर्घकाळ कायम राहिले.

समाजाच्या बाजूने याच काळानंतर विदर्भात एक वेगळे काम उभे राहिले. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या. ज्याला इतर धर्मशाळांत जातीमुळे उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्याच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढे १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. निवाऱ्याचा प्रश्न केवळ दारिद्र्याचा नसून मानाचाही आहे, हे बाबांनी एका निरक्षर माणसाच्या शहाणपणाने ओळखले होते. १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजींसाठी जी कुटी उभी राहिली, तीही गावच्या माती, बांबू, लाकडातून आणि गावच्या कारागिरांकडून. साध्या साहित्यातही नीटनेटके, आरोग्यदायी घर होऊ शकते, हे त्या वास्तूने दाखविले.

स्वातंत्र्यानंतर : जागेचा हक्क

१९५० साली मध्य प्रदेश विधानसभेने मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला, आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. तेव्हा आपली राजधानी नागपूर होती, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात आला. एकाच खोऱ्यातील, एकाच नातेगोत्यातील गावे दोन राज्यांत विभागली. त्यामुळे आपल्याकडे जिला आबादी म्हणतात, तिलाच पलीकडे गोंदिया भागात गावठाण म्हणतात. प्रश्न मात्र तोच राहिला.

मालगुजारी गेल्यावर आबादी व जंगल शासनाकडे आले. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत आबादीसाठी जमीन राखून ठेवण्याची, घरजागांच्या वाटपाची आणि निस्तार पत्रकाची तरतूद करण्यात आली. जुना मालक गेला आणि त्याच्या जागी नियम आला, ही फार मोठी प्रगती होती. तथापि नियम कागदावर असतो आणि वस्ती वाढत असते. भाऊ वेगळे झाले, कुटुंबे फुटली, आबादीची सीमा मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच राहिली. परिणामी नवी घरे शासकीय पडीत जमिनीवर, नाल्याकाठी, रस्त्यालगत उभी राहू लागली, आणि ज्याला पूर्वी मालकाचा आश्रित म्हणत, त्याला आता अतिक्रमणदार म्हणू लागले.

हा दोष ओळखून केंद्र सरकारने १९७१ साली भूमिहीन ग्रामीण मजुरांना घरजागा देण्याची योजना सुरू केली. १९७४ पासून ती राज्यांकडे सोपविण्यात आली. त्यापूर्वी १९५७ साली सुरू झालेला ग्रामीण गृहनिर्माण कार्यक्रम कर्जावर आधारलेला होता, आणि ज्याच्याकडे तारण नाही त्याच्या तो उपयोगी पडणारा नव्हता. घराआधी जागा, हा विचार १९७१ च्या योजनेने प्रथमच ठळकपणे मांडला. मध्य प्रदेशात २०२१ साली मुख्यमंत्री आवासीय भू-अधिकार योजना आली आणि ज्यांना घरजागा नाही अशा ग्रामीण कुटुंबांना ६० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड देण्याचे ठरले. पन्नास वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न हाती घ्यावा लागला, यावरून त्याची खोली समजून येते.

अनुदानाचा काळ

१९८५-८६ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. प्रारंभी ती अनुसूचित जाती, जमाती आणि मुक्त झालेले वेठबिगार यांच्यासाठी होती. १९९३-९४ पासून इतर ग्रामीण गरिबांनाही तिचा लाभ मिळू लागला, आणि १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. या योजनेची दोन तत्त्वे मला महत्त्वाची वाटतात. घर घरातील स्त्रीच्या किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावे असावे, आणि ते कंत्राटदाराने न बांधता कुटुंबाने स्वतः बांधून घ्यावे. पहिल्या तत्त्वाने जिच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या काहीच नव्हते, तिचे नाव दस्तऐवजात आले. दुसऱ्याने घर हे घेणाऱ्याचे राहिले.

२०१६ साली या योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. अनुदान सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, तर डोंगराळ व एकात्मिक कृती योजनेतील जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये ठरले. बालाघाट हा त्या जिल्ह्यांपैकी एक. किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर झाले. खर्चाचा वाटा केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के. लाभार्थींची निवड २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेवरून करून ग्रामसभेने ती तपासावयाची, असा नियम झाला. बैहरच्या बाजूला राहणाऱ्या बैगा बांधवांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली.

या योजनांमुळे आपल्या भागातील पुष्कळ मातीच्या घरांच्या जागी विटांची घरे उभी राहिली, हे उघड्या डोळ्यांना दिसते आणि ते कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा मातीच्या भिंतींचे काय होते, हे बालाघाट, गोंदिया, भंडारा या तिन्ही जिल्ह्यांनी पाहिले आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक उलटापालट दिसते. मालगुजारीत जागा आणि साहित्य मिळे, पण स्वातंत्र्य नव्हते. आज स्वातंत्र्य आहे, पैसाही मिळतो. पण ज्याच्या जागेची नोंद नाही, त्याच्यापर्यंत तो पैसा पोहोचण्यात अडचण येते. ज्याचे नाव यादीत नाही, तो गरीब असूनही कागदावर गरीब ठरत नाही. आणि जो कामासाठी नागपूर, हैदराबादला गेलेला असतो, तो गणनेच्या दिवशी गावात नसतो, तर शहरातही त्याचे घर नसते. २०२० च्या टाळेबंदीत चालत, मिळेल त्या वाहनाने राजेगावची सीमा ओलांडून परतलेले मजूर आपण पाहिले. ज्या शहरांत त्यांनी इमारती बांधल्या, तेथे त्यांना महिनाभर टिकेल असे छप्पर नव्हते.

लोकसहभागाचा धडा

केवळ निधी पुरेसा नसतो, याचे मोठे उदाहरण मराठवाड्यात घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने प्रचंड पुनर्वसन झाले. सुमारे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांपैकी अनेक गावांत सरळ रस्ते आणि रांगेतील घरे झाली. पण गुरे कोठे बांधावी, धान्य कोठे ठेवावे, शेजार कसा जपावा, याचा विचार पुरेसा झाला नाही, अशी टीका अभ्यासकांनी केली. उलट जेथे लोकांनी जुन्याच जागी, स्वतःच्या देखरेखीखाली घरे दुरुस्त केली वा बांधली, तेथे घर त्यांना आपले वाटले. पैसा शासनाचा असावा, परंतु निर्णयात राहणाऱ्याचा वाटा असावा, हा त्यातील बोध.

आपल्याकडे या वाट्याचे स्थान ग्रामसभा हे आहे. यादी वाचली जाते त्या दिवशी जे उपस्थित असतात, त्यांचाच आवाज नोंदला जातो. मजुरी बुडवून विधवा, वृद्ध, अपंग आणि स्थलांतरित माणूस तेथे येऊ शकत नाही. आणि नेमकी त्यालाच घराची गरज सर्वांत अधिक असते. म्हणून शाळेसमोर मी एक नम्र सूचना ठेवतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली आपापल्या गावाची घरनोंद तयार करावी : घर कोणाच्या जागेवर आहे, पट्टा कोणाच्या नावे आहे, छप्पर कशाचे आहे, कोण कामासाठी बाहेर गेले आहे. हे काम इतिहासाचेही आहे आणि नागरिकशास्त्राचेही. ग्रामसभेच्या दिवशी ती वही पंचायतीपुढे ठेवावी. कोणावर आरोप करण्यासाठी नव्हे, तर जो हजर नाही त्याचे नाव राहून जाऊ नये म्हणून.

एकेकाळी वाजिब-उल-अर्जात गावाचे हक्क लिहिले गेले, म्हणून पुढच्या पिढ्यांना ते मागता आले. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी या परिसराला लिहिणे शिकविले. त्या लिहिण्याचा उपयोग शेजाऱ्याच्या घरासाठी झाला, तर त्यांच्या स्मृतीस याहून योग्य वंदन दुसरे कोणते असेल, असे मला वाटत नाही.