खडकवासल्याचा गाळ आणि मुठेंतील मासे

नदी म्हटली म्हणजे आपल्या मनांत प्रथम पाणी येतें. पाण्याबरोबर ती माती, वाळू आणि गोटेही वाहून नेते, व पात्रांतील जीवांचा संसार या ओझ्यावरही चालतो, ही गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. खडकवासल्यास या ओझ्याचा अभ्यास अनेक दशकें होत आला आहे. मुठेच्या माशांचा अभ्यास त्याहूनही जुना आहे. परंतु हे दोन अभ्यास एकमेकांस फारसे भेटले नाहींत. तें कसें घडलें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माशांची हकीकत आधीं पाहूं. १८२४ मध्यें मुंबई सरकारनें विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनच्या पाहणीवर नेमिलें. पीकपाणी व लोकवस्ती यांचे आकडे जमवितां जमवितां साइक्स यांनीं येथील पशु, पक्षी आणि मासेही टिपून ठेविले. माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळानें १८४१ मध्यें छापिला. नव्या माशांस नांवें देतांना त्यांनीं पुष्कळदां येथील लोकांच्या तोंडचीं नांवेंच उचललीं. 'खुद्री', 'कोळस', 'नुक्ता' हीं देशी नांवें त्यामुळें जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत कायमचीं जाऊन बसलीं. यांपैकीं खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. त्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन मुळा-मुठेंतील माशावरूनच झालें.

साइक्स यांनीं पाहिलेली मुठा मोकळी वाहत होती. पुढें कर्नल फाइफ यांच्या योजनेप्रमाणें खडकवासल्यास तिच्यावर चिरेबंदी धरण उभें राहिलें. १८७९ च्या सुमारास तें पुरें झालें व तलावास फाइफ यांचेंच नांव मिळालें. शहरास, छावणीस आणि शेतीस त्यानें पाणी दिलें, हे उपकार कोण नाकारील? परंतु वाहतें पाणी थांबलें कीं त्यांतील ओझें खालीं बसतें. गोटे आणि जाड वाळू तलावाच्या तोंडाशीं राहते, बारीक गाळ भिंतीपर्यंत येऊन साचतो. मग पुराच्या वेळीं धरणांतून सुटणारें पाणी खालच्या पात्रांतील बजरी उचलून नेतें, आणि तिच्या जागीं वरून नवी येत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटलीं, तो दिवस पुणेकर विसरलेले नाहींत. तीं पुन्हां बांधलीं गेलीं, आणि आज खडकवासल्याच्या वरच्या अंगास पानशेत, वरसगांव व टेमघर अशीं तीन धरणें आहेत.

आतां गाळाच्या अभ्यासाकडे वळूं. १९१६ मध्यें मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठीं एक खास विभाग काढिला. १९३६ मध्यें तो हिंदुस्थान सरकारनें आपल्याकडे घेतला. खडकवासल्याचें आजचें केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र तें हेंच. सिंधु नदीवरील सक्करचा बंधारा १९३२ मध्यें सुरू झाला, व लवकरच उजव्या तीरावरील कालव्यांत वाळू शिरूं लागली. तेव्हां क्लॉड इंग्लिस यांच्या देखरेखीखालीं येथें नदीची लहान प्रतिकृति करून प्रयोग झाले. वळणावर तळची वाळू आंतल्या कांठाकडे सरकते व वरचें निवळ पाणी बाहेरच्या कांठास लागतें, या नदीच्या स्वभावाचाच उपयोग करून कालव्यांची वाळू कमी करण्याची युक्ति निघाली. पाण्याचा नमुना घ्यावा, त्यांतील गाळ वाळवून तोलावा, कण चाळणीनें निवडावे, ते किती वेगानें बुडतात तें पाहावें, ही विद्या येथें अशी रुजली.

पण ती विद्या कालव्यांच्या व जलाशयांच्या सेवेस लागली. माशांस तिची गरज कमी नाहीं. महसीर पावसाळ्यांत प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि वाहत्या पाण्यांतील बजरीवर अंडीं घालतो. त्या बजरींत बारीक चिखल भरला तर अंड्यांस प्राणवायु मिळत नाहीं. बजरीच वाहून गेली तर अंड्यांस आसराच उरत नाहीं. १९४२ मध्यें मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत फ्रेझर यांनीं पुण्याच्या माशांची यादी दिली. २००३ मध्यें अभ्यासकांनीं मुळा-मुठेची नवी पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हां जुन्या याद्यांतील कित्येक मासे सांपडेनासे झाल्याचें दिसलें. नुक्ता तर आंतरराष्ट्रीय लाल यादींत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. याचा सारा दोष गाळावर घालणें अन्यायाचें होईल. शहराचें सांडपाणी, वाळूचा उपसा आणि बाहेरून आणिलेले मासे यांचाही वाटा मोठा आहे. परंतु पाणी उद्यां शुद्ध झालें तरी अंडीं घालण्यास जागा नसेल, तर मासे परत यावे कसे?

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे. धरणाखालील पात्रांत बजरी कोठें उरली आहे, तिच्यांत चिखल किती भरला आहे, हें दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं व नंतर मोजावें, आणि तो आकडा माशांच्या यादीशेजारीं मांडावा. मोजण्याची विद्या परदेशांतून आणावयास नको. ती नदीच्याच कांठीं आहे. खुद्री हें नांव शास्त्रानें मुठेकांठच्या माणसांकडून घेतलें. त्या माणसांच्या वंशजांस तें केवळ ग्रंथांत वाचावें लागूं नये.