काँग्रेसचे अधिवेशन : सभागृहातून शिवाराकडे

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधी होते ७२. अधिवेशन खरे तर पुण्यास व्हायचे होते. पटकीच्या साथीमुळे ते ऐनवेळी मुंबईस हलवावे लागले. या ७२ जणांना कोणी निवडून दिलेले नव्हते. वकील, संपादक, व्यापारी अशी इंग्रजी जाणणारी ही मंडळी आपापल्या शहराच्या वतीने आली, एवढीच त्यांची सनद.

चार वर्षांनी, १८८९ मध्ये, मुंबईतच भरलेल्या अधिवेशनाला १८८९ प्रतिनिधी उपस्थित होते. आकड्यांचा हा योगायोग गमतीचा खरा. परंतु त्या प्रतिनिधींत पंडिता रमाबाईंसह काही स्त्रियाही होत्या, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. संख्या वाढली तरी प्रतिनिधी निवडण्याची पक्की रीत मात्र नव्हती. एखाद्या संस्थेने वा जाहीर सभेने नाव सुचवले की काम भागे. परिणामी ज्या प्रांतात अधिवेशन, त्याच प्रांताचे पारडे जड होई. १९०७ चे अधिवेशन नागपूरहून सुरतेस हलवण्यामागे हेच गणित होते. नागपुरात टिळकपक्षाचे बळ वाढेल, ही मवाळांची धास्ती होती. सुरतेच्या मंडपात पुढे पुणेरी जोडा उडाला आणि काँग्रेस दुभंगली, हे सर्वश्रुत आहे. भांडण विचारांचे होतेच, पण मंडपात कोणाला मत आहे हे ठरवणारा नियम नसल्याने ते अधिक चिघळले.

हा नियम नागपुरातच झाला, १९२० साली. त्या अधिवेशनाला चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी लोटले होते. तेथे स्वीकारलेल्या नव्या घटनेने वार्षिक चार आणे वर्गणी भरणाऱ्या कोणाही प्रौढाला सभासदत्व खुले केले, प्रांतिक समित्या भाषावार केल्या आणि दर पन्नास हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी हे प्रमाण घातले. म्हणजे दार उघडताना उंबरठाही बसवला गेला. पुढच्या वर्षी अहमदाबादेस खुर्च्या गेल्या आणि प्रतिनिधी जमिनीवर बसू लागले. खुर्ची काढणे वरवरचे वाटेल; पण तिच्याबरोबर खर्च आणि पोशाखाचा दबावही उतरला. १९२५ मध्ये कानपूरला कामकाज शक्यतो हिंदुस्थानीत चालवण्याचे ठरले. इंग्रजी न येणाऱ्या प्रतिनिधीला तोवर मत होते, वाचा नव्हती.

मधल्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाची आठवण सीमाभागात अजून जिवंत आहे. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव देशपांडे. हजारोंच्या वस्तीला पाणी पुरावे म्हणून टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ओळखली जाते. सामान्य माणसाने अधिवेशनाला यावे, असे म्हणणे सोपे असते. त्याला पाणी, शौचकूप आणि परवडणारे जेवण पुरवणे हे खरे काम.

गोव्याचा अनुभव थोडा कडू आहे. त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली आणि तिला कलकत्ता अधिवेशनात संलग्नता मिळाली. परंतु १९३४ च्या मुंबई अधिवेशनात झालेल्या नव्या घटनेनंतर, गोवा परकी सत्तेखालील प्रदेश म्हणून ही संलग्नता संपली. त्याच घटनेने प्रतिनिधींची कमाल संख्या २००० वर आणली आणि त्यांतील १४८९ जागा ग्रामीण, ५११ शहरी भागांसाठी ठेवल्या. खेड्यांना दार उघडले, त्याच वेळी गोव्याला ते बंद झाले.

खेड्यांचा हा हक्क प्रत्यक्ष दिसला तो डिसेंबर १९३६ मध्ये, पूर्व खानदेशातील फैजपूरला. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. गांधीजींच्या आग्रहावरून नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक साहित्यातून ‘टिळकनगर’ सजवले. साने गुरुजी अधिवेशनाच्या तयारीसाठी गावोगाव फिरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि शेतसारा, खंड व कर्जाचा भार हलका करण्याचा शेतीविषयक कार्यक्रम येथेच संमत झाला. तो ऐकायला ज्यांच्याविषयी तो होता, ते शेतकरी प्रचंड संख्येने हजर होते.

तरीही पाहणे आणि ठरवणे यांत अंतर राहिलेच. ठराव खुल्या अधिवेशनात येण्यापूर्वी विषय नियामक समितीत घासूनपुसून निघत, आणि १९२० पासून ही समिती म्हणजे अखिल भारतीय काँग्रेस समितीच असे. मंडपातील टाळ्यांना बहुधा मंजुरीचेच काम उरे. अपवाद घडला तो त्रिपुरी अधिवेशनापूर्वी. जानेवारी १९३९ मध्ये प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी सुभाषचंद्र बोस यांना पट्टाभी सीतारामय्यांविरुद्ध १५८० विरुद्ध १३७७ मतांनी अध्यक्ष निवडले. मार्चमध्ये त्रिपुरीत गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव संमत झाला : कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसारच नेमावी. तशी कार्यकारिणी जुळली नाही आणि एप्रिल संपण्यापूर्वी बोस यांनी राजीनामा दिला.