उन्हाळ्यातली पदवी: अमेरिकेतील गणित-शिक्षकांचे सुट्टीतले वर्ग

सुरुवातीला एक गणित करा. (क्ष − २)(क्ष − ३) = ० हे समीकरण तुम्ही नववी-दहावीत सोडवले आहे. उत्तरे दोन: २ आणि ३. आता हेच समीकरण फक्त ०, १, २, ३, ४, ५ या सहा संख्यांत सोडवा. नियम एकच, प्रत्येक उत्तराला ६ ने भागून उरणारी बाकी घ्यायची. क्ष = ५ घेतला तर ३ × २ = ६, म्हणजे बाकी शून्य. क्ष = ० घेतला तरी (−२) × (−३) = ६, पुन्हा शून्य. द्विघात समीकरण आणि मुळे चार! शाळेत आपण ‘गुणाकार शून्य, म्हणून एक तरी अवयव शून्य’ असे म्हणून पुढे जातो. हा गुण सगळ्या संख्याव्यवस्थांत नसतो, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असावे का? आणि असावे, तर ते त्याने केव्हा आणि कोणाच्या पैशाने शिकायचे? या पाठाचा विषय हाच आहे.

प्रश्न जुना आहे. जर्मनीत गॉटिंगेन विद्यापीठात फेलिक्स क्लाइन यांनी भावी शिक्षकांसाठी प्राथमिक गणितावर उच्च दृष्टिकोनातून व्याख्याने दिली आणि १९०८ पासून ती पुस्तकरूपाने आली. त्यांची तक्रार थोडक्यात अशी होती: विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा शाळेचे गणित विसरायला लागते, आणि शिक्षक होऊन शाळेत परततो तेव्हा विद्यापीठाचे.

अमेरिकेत या प्रश्नाला पगाराची बाजू चिकटली, आणि ती नीट समजून घ्या, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. १९२१ साली डेन्व्हर आणि डी मॉइन या शहरांनी शिक्षकांसाठी एकच वेतनपत्रक आणले, आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. तीत पगार दोन गोष्टींवर ठरतो: नोकरीची वर्षे आणि पदव्या. प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकांना हायस्कुलातल्या शिक्षकांपेक्षा कमी पगार देण्याची रीत यामुळे मोडली, हे तिचे मोठेच श्रेय. पण पदवी कोणत्या विषयाची, हे वेतनपत्रक विचारत नसे. गणिताचा शिक्षक शाळा-प्रशासनात एम. ए. झाला तरी वाढ तेवढीच मिळे. मग गणिताच्या अवघड वर्गात कोण जाणार?

अशा काळात, १९४७ च्या उन्हाळ्यात, नोत्र दाम विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख आर्नल्ड रॉस यांनी शाळाशिक्षकांसाठी वर्ग सुरू केला. रॉस यांचा जन्म शिकागोचा, पण बालपण ओडेसात गेले. १९२२ मध्ये ते परत आले आणि शिकागो विद्यापीठात एल. ई. डिक्सन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. त्यांच्या वर्गाचा कणा होता संख्यासिद्धांत. सुरुवातीला पाहिलेल्या बाकीच्या अंकगणितासारखी साधी सामग्री घ्यायची, भरपूर आकडेमोड करायची, नियम दिसला की तो मांडायचा आणि मग सिद्ध करायचा. विषय शाळेच्या उंबरठ्यावरचा, विचार मात्र पदव्युत्तर. माझ्या मते क्लाइन यांच्या तक्रारीला मिळालेले हे सर्वांत व्यवहारी उत्तर होते.

नॅशनल सायन्स फाउंडेशन ही केंद्रीय संस्था १९५० मध्ये स्थापन झाली. १९५३ च्या उन्हाळ्यात तिने बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात महाविद्यालयीन गणित-शिक्षकांसाठी पहिली संस्था (त्यांच्या भाषेत उन्हाळी वर्गालाच संस्था म्हणत) भरवली. पुढच्याच वर्षी हायस्कूल शिक्षकांची पाळी आली. इथे तारखांकडे लक्ष द्या. पुष्कळ पुस्तकांत ‘स्पुटनिकमुळे अमेरिका जागी झाली’ असे एका वाक्यात उरकलेले असते. स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ ला आकाशात गेले. तोवर रॉस यांचा वर्ग दहा वर्षांचा झाला होता. स्पुटनिकने पैसा आणला, कल्पना आणली नाही. परीक्षेत हा फरक लिहा.

पैसा मात्र खरेच आला, आणि तो शिक्षकाच्या हातात आला. अमेरिकन शिक्षक उन्हाळ्यात घरे रंगवून किंवा दुकानात काम करून संसाराला हातभार लावत असे. म्हणून या वर्गांत आठवड्याला ७५ डॉलर विद्यावेतन, अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे (ठरावीक मर्यादेपर्यंत) आणखी १५ डॉलर, आणि प्रवासखर्च मिळू लागला. शिकायला बोलावताना घरच्या चुलीचा हिशेबही कोणीतरी केला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

खरा वाद पदवीवर झाला. गणित विभागांचे म्हणणे असे की, पदव्युत्तर श्रेयांक द्यायचे तर पाठ्यक्रम पदव्युत्तरच हवा. शिक्षक कॉलेज सोडून पंधरा-वीस वर्षे झालेला. त्याला थेट मापसिद्धांताच्या वर्गात बसवले तर तो पहिल्याच आठवड्यात बुडणार, आणि तरला तरी त्याच्या आठवीच्या वर्गाला त्याचा काय उपयोग? दुसरीकडे, श्रेयांक नसतील तर वेतनपत्रकात त्याची पायरी चढत नाही. यातून तडजोड निघाली: क्रमवार वर्ग. शिक्षकाने लागोपाठ तीन-चार उन्हाळे यायचे, दरवेळी पुढचा भाग घ्यायचा आणि शेवटी शिक्षकांसाठी आखलेली गणिताची मास्टर्स पदवी मिळवायची. शुद्ध गणितज्ञांपैकी काहींनी नाके मुरडली, तरी संशोधक घडवणारी पदवी आणि शिक्षकाची पदवी वेगळी असू शकते, हे यामुळे विद्यापीठांना मान्य करावे लागले.

पुढे ‘नवे गणित’ बदनाम झाले. मॉरिस क्लाइन यांचे त्यावरील टीकेचे गाजलेले पुस्तक १९७३ चे (हे क्लाइन वेगळे, गोंधळू नका). १९७० च्या दशकाच्या मध्याला केंद्रीय मदत आटली. वेतनपत्रक जिथल्या तिथे राहिले, त्यामुळे शिक्षक मास्टर्स करतच राहिले, पण बहुतेक जण शिक्षणशास्त्रात.

आता भारताकडे वळू, कारण हा नमुना अमेरिकी मदतीबरोबर आपल्याकडेही आला. १९६३ पासून विद्यापीठ अनुदान आयोग, एनसीईआरटी आणि अमेरिकेची मदतसंस्था यांनी मिळून उन्हाळी विज्ञान-संस्था भरवल्या. त्यांत गणितही होते. पाच-सहा आठवडे चालणाऱ्या या वर्गांत शिक्षक संच, संबंध, आधुनिक बीजगणित शिकत, पण पदवी मिळत नसे. त्याच दशकात अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी अप्रशिक्षित शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग अधिक पत्रद्वारा अभ्यास असा बी. एड. चा मार्ग काढला. तिथे पदवी होती, भर मात्र अध्यापनपद्धतीवर. म्हणजे अमेरिकेने ओढाताण करून एकत्र आणलेल्या दोन गोष्टी, गणित आणि पदवी, आपल्याकडे दोन वेगळ्या दारांनी आल्या. मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षकाला त्यांतले एकच दार गाठता येई, आणि बी. एड. वर नोकरी पक्की होत असल्याने तो कुठे जाई ते तुम्ही ओळखू शकता.