झरीची पायवाट आणि मित्राची गाडी

२३ मे १९४५. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या हाकेवर वेठ मोडायला हजारो माणसं आली, पाड्यापाड्यांवरून, पायी. निरोपही पायीच फिरला.

आता त्याच पाड्यांवर दारात मोटरसायकल दिसते. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ ला, स्प्लेंडर १९९४ ला. आपल्याकडे हप्ता एकजण भरतो, पण चावी सगळ्या दोस्तांची! रात्री-अपरात्री आजाऱ्याला कासाच्या दवाखान्यात न्या, चैत्रात महालक्ष्मीची जत्रा गाठा, आच्छाडपलीकडे गुजरातेत कंपनीत पाळीला जा, पेट्रोल वाटून. जुन्या गाड्यांवरचं एमएच ०४ म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याची आठवण. पालघर वेगळं झालं १ ऑगस्ट २०१४ ला.

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्येच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेव्हा अख्ख्या देशात मागच्या सीटच्या बेल्टवर चर्चा झाली. त्याच हायवेला ट्रिपल सीट, उलट्या बाजूने निघालेली पोरं आपलीच आहेत. हेल्मेट असलंच तर आरशाला लटकलेलं. आणि मागे बसणाऱ्या दोस्ताचं? तुमच्या ग्रुपमध्ये दुसरं हेल्मेट किती जणांकडे आहे, सांगा बरं.