मागच्या दाराचं कुलूप

माझी लेक पाळणाघरात जायची, तेव्हा तिथल्या मागच्या दाराला कायम कुलूप असायचं. एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या, "अहो ताई, उघडं ठेवलं की पोरं जिन्याकडे धावतात." खरंच होतं ते. त्यात माझीच कन्या सगळ्यांच्या पुढे! मी हसले आणि विषय सोडून दिला.

पुष्कळ वर्षांनी संडरलंडची हकीकत वाचली आणि ते कुलूप आठवलं.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे गाव. १६ जून १८८३, शनिवारची दुपार. व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी गमतीजमतीचे खेळ होते. शेवटी बक्षिसं वाटणार असं जाहीर झालं. खाली बसलेल्या मुलांना ती मिळायला लागली, तशी वरच्या गॅलरीतली हजारभर मुलं आपलं राहून जाईल या भीतीने जिन्यावरून सुटली. जिन्याच्या तळाशी आत उघडणारं दार होतं. ते जेमतेम एक मूल जाईल एवढंच किलकिलं ठेवून बोल्ट लावलेला होता. बहुधा तिकिटं नीट तपासता यावीत म्हणून. पुढची मुलं अडकली, पडली. मागच्यांना काय कळणार? ती येतच राहिली. १८३ मुलं गेली, ३ ते १४ वर्षांची. तो बोल्ट कुणी लावला, हे चौकशीतही ठरलं नाही.

त्यानंतर अशा जागी बाहेर उघडणारी दारं असावीत असा कायदा झाला. १८९२ साली रॉबर्ट ब्रिग्ज यांनी एका नव्या बोल्टचं पेटंट घेतलं. सिनेमागृहाच्या दारावर आतून आडवा दांडा असतो ना, त्याचा हा पूर्वज. दार बाहेरून बंदच, पण आतल्या माणसाने दांड्यावर भार टाकला की उघडतं. किल्ली शोधायला नको. म्हणजे काकूंच्या आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं!

आणि तरीही... मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात ५ जून २००९ रोजी एका पाळणाघराला शेजारच्या सरकारी गोदामातून आग लागली. गोदामासारख्याच इमारतीत भरणारं पाळणाघर ते. ये-जा एकाच दाराने, संकटकाळचं दार बंद. एका बापाने आपला पिकअप ट्रक भिंतीवर घालून भगदाड पाडलं आणि तिथून मुलं बाहेर काढली. ४९ बाळं वाचली नाहीत. २०११ मध्ये तिथे पाळणाघरांसाठी देशव्यापी कायदा झाला. लोक त्याला '५ जूनचा कायदा' म्हणतात.

काकूंच्या त्या दाराला मोठ्या माणसाचाच हात पोचेल अशी उंचावर साधी कडी पुरली असती. किल्ली कुठे ठेवता, हे मात्र मी त्यांना कधीच विचारलं नाही.