उपकार आणि मैत्री : रेव्हरंड टिळकांच्या चरित्रातील एक सूत्र

वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत असताना दरवर्षी एक वाद हमखास उभा राहतो. पत्नीला विश्वासात न घेता धर्मांतर करणारे नारायण वामन टिळक दोषी ठरतात की नाही, या प्रश्नावर वर्गात दोन तट पडतात. लक्ष्मीबाईंची बाजू घेणाऱ्यांचे पारडे बहुधा जड असते आणि ते योग्यही आहे. परंतु या वादात एक प्रश्न मागे राहून जातो. धर्म बदलणाऱ्याचे आप्त, पंगत, पाणवठा सारे एका दिवसात तुटते. त्यानंतर तो कोणाच्या आधाराने जगतो? नव्या श्रद्धेकडे नेणारी वाट ग्रंथ दाखवितात. त्या वाटेवर टिकून राहावयाचे, तर मात्र माणसे लागतात.

खुद्द ख्रिस्ती धर्मग्रंथाला या गोष्टीची जाण आहे. पक्षघात झालेल्या एका माणसाला चौघांनी बाजेसकट उचलून आणले. दारातली गर्दी हटेना, तेव्हा त्यांनी छप्पर उकरून त्याला येशूपुढे खाली सोडले. आपल्या बीडकडच्या माळवदाच्या घरात वाढलेल्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. उकरलेल्या माळवदाची माती खाली बसलेल्यांच्या अंगावर कशी पडली असेल, ते त्याला दिसते. या कथेतील मर्म असे, की येशूने विश्वास पाहिला तो त्या आणणाऱ्यांचा. पुढे छळकर्ता शौल ख्रिस्ती झाला, तेव्हा यरुशलेमेतील शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याच्याविषयी ग्वाही दिली, म्हणून त्याला त्यांच्यात जागा मिळाली. आणि अखेरच्या भोजनाच्या वेळी स्वतः येशू शिष्यांना सांगतो, की यापुढे तुम्ही माझे दास नाही, मित्र आहात. येथे मैत्री ही श्रद्धेची केवळ शोभा नाही. तिचा तो आधारच होय.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा आधार दुर्मीळ होता. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत असे. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठे वादंग माजले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. हिंदू राहूनही जांभेकरांनी जे केले, त्याला मैत्रीधर्माखेरीज दुसरे नाव नाही. नारायण शेषाद्रींनी पुढे निजामाच्या राज्यात, आपल्या मराठवाड्यातील जालन्याजवळ, बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. समाजाने वाळीत टाकलेल्यांना राहण्यासाठी एखादे गाव हवे, ही गरज त्यामागे होती.

मिशनच्या आवारात निवारा मिळे, शिक्षण मिळे, दुष्काळात अन्नही मिळे. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तरी देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर त्यामुळे मिटत नव्हते. १९१० मध्ये एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरया या दक्षिण भारतीय धर्मोपदेशकाने हे दुःख उघडपणे मांडले. तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ त्याग केलात, आता आम्हाला मित्र हवे आहेत, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. उपकाराचा हात वरून येतो, मैत्रीचा हात शेजारून येतो; त्या भाषणाचे सार इतकेच.

टिळकांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले, की त्याची संगती लागते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. एकाच घरात दोन धर्म आणि दोन स्वयंपाक नांदू लागले. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो आपल्याच मनाने जातिभेदाची गाठ सोडविल्यानंतर. बाप्तिस्मा घेताना टिळकांकडून जो अपराध घडला, त्याचे परिमार्जन त्यांनी या वाट पाहण्यातून केले, असे मला वाटते. पतीने आज्ञा करावी आणि पत्नीने ती पाळावी, या नात्याच्या जागी येथे दोघांचे सख्य हळूहळू आकाराला आले. टिळकांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली, ती याच सख्याची साक्ष होय.

त्याच घरात बालकवी ठोमरे राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात नावारूपाला आलेला हा मुलगा पुढे टिळकांच्या नगरच्या घरी, आजच्या अहिल्यानगरात, मुलासारखा वावरला. त्याचे हट्ट, रुसवे आणि खोड्या लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त रंगवून सांगितल्या आहेत. तो अखेरपर्यंत हिंदूच राहिला. टिळकांच्या ममतेला धर्मांतराची अट नव्हती, याचे याहून मोठे प्रमाण कोणते?

हीच वृत्ती टिळकांना अखेर मिशनबाहेर घेऊन गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी या दरबारात बंधू म्हणून एकत्र यावयाचे होते. तुकोबांच्या वाणीने आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, अशी त्यांची धारणा होती. साहजिकच वारकऱ्यांच्या दिंडीतील समता त्यांना चर्चमध्ये हवी होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दोन वर्षांत कोणतीही संस्था मूळ धरीत नाही. दरबारही धरू शकला नाही.

मग हा प्रयत्न वाया गेला का? टिळकांच्या सहवासात आलेल्या जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय सभासदांनी तेथे बरोबरीने, भारतीय पद्धतीने राहावयाचे होते. पुढच्याच वर्षी त्याने टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ज्याला शिकवावयाला आलो, त्याच्याकडून शिकलो, अशी कबुली देणारा परदेशी माणूस म्हणजेच अझरयांनी मागितलेला मित्र. १९२७ मध्ये व्हेरिअर एल्विन या संघात दाखल झाला. तेथेच त्याला शामराव हिवाळे भेटले. १९३२ मध्ये दोघे गोंडांच्या प्रदेशात गेले. पुढे एल्विनने चर्च सोडले, तरी शामरावांनी एल्विनला सोडले नाही.

टिळकांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गाइली जातात; त्यांच्या भक्तीत ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे आणि सखाही आहे. यांतील ‘सखा’ हा शब्द आपण संतपरंपरेचा अलंकार म्हणून सहज वाचून जातो. जातीने झिडकारलेल्या आणि मिशनच्या उपकारात अवघडलेल्या माणसाने तो वापरला आहे, हे ध्यानात घेतले, म्हणजे त्याचे वजन कळते. पुढल्या वर्षी वर्गात वाद उभा राहील, तेव्हा टिळकांचा दोष झाकण्याचे मला कारण नाही. तो मान्य करून मी विद्यार्थ्यांना एवढेच विचारीन, की त्या घरातील दुसऱ्या चुलीचा धूर किती वर्षे निमूटपणे सोसला गेला, हे तुम्ही मोजले आहे काय?