दक्षिणा, अनंत फंदी आणि रिसर्च ग्रँट

मंडळी, 'रिसर्च ग्रँट' म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा अमेरिका आठवते. एमएसला गेलेला मित्र, त्याची असिस्टंटशिप, त्याच्या प्रोफेसरचं फंडिंग वगैरे. पण विद्येसाठी सरकारी तिजोरीतून पैसे, त्यासाठी पारख, परीक्षक आणि मग भांडणं हा सगळा प्रकार पुण्यात अठराव्या शतकातच होता. त्याचं नाव दक्षिणा.

ही प्रथा मुळात सेनापती खंडेराव दाभाड्यांची, तळेगावची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव मारला गेला, आणि पहिल्या बाजीरावाने ती पुण्यात सुरू केली. श्रावणात दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात जमत. मोठ्या शास्त्री-पंडितांना विद्वत्ता पाहून रक्कम मिळे, बाकीच्यांना पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात थोडकी. रामशास्त्री प्रभुण्यांची एक गोष्ट सांगतात. त्यांचे भाऊ दक्षिणेला आले, तेव्हा नाना फडणीसांनी जास्त रक्कम सुचवली. रामशास्त्री म्हणाले, इतरांना देता तेवढीच द्या, भाऊ म्हणून काय द्यायचं ते मी घरून देईन. आपल्या कंपनीत याच गोष्टीचं दरवर्षी ऑनलाइन ट्रेनिंग असतं!

आता आमच्या संगमनेरचे कवी अनंत फंदी (१७४४–१८१९) घ्या. आडनाव घोलप, जातीने ब्राह्मण, म्हणजे दारावरची पहिली अट पूर्ण. पण त्यांची विद्या कोणती? मराठी लावण्या, पोवाडे, फटके. दक्षिणेत मान होता तो वेदाला आणि संस्कृत शास्त्रांना. मराठी कवितेला तिथे कॉलमच नव्हता. माणूस रांगेत बसत होता, त्याचं काम बसत नव्हतं. आज संगमनेरात त्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालते, हा भाग वेगळा.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, पण एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातली काही रक्कम वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मग १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख (म्हणजे लोकहितवादी) आणि मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की यातला काही पैसा चांगली मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या. पुण्यात केवढा गहजब झाला! शेवटी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. फंदींच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी फॉर्ममध्ये 'मराठी' हा कॉलम आला. पुढे याच फंडातून दक्षिणा फेलो नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. ग्रँटने माणूस घडतो तो असा.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक याच कमिटीकडे पाठवलं. भाषा मराठी, विषय शेतकरी कुटुंबाची धर्माच्या नावाने होणारी लूट आणि त्यावर शिक्षण हा उपाय. कमिटीने ते नाकारलं. कमिटीतल्या भट सभासदांमुळे ते नाकारलं गेलं, असं फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) लिहून ठेवलं. गंमत म्हणजे याच दक्षिणा फंडातून त्यांच्या मुलींच्या शाळांना मात्र मदत मिळत होती. तिजोरी तीच, निवाडा करणारे वेगळे. नाटक छापून यायला १९७९ उजाडलं. एका रिजेक्शनची किंमत सव्वाशे वर्षं.

म्हणून मला वाटतं, ग्रँटबद्दल 'पैसे किती?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की फॉर्ममध्ये कॉलम कोणते आहेत आणि तो तपासायला कोण बसलंय. आज जेआरएफ आहे, बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. म्हणजे दार खूप रुंद झालंय. तरी २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर आंदोलन करावं लागलं. संगमनेरला १९६१ पासून कॉलेज आहे. अशा गावातल्या हुशार पोरीला योजना कळवणारं, प्रस्तावाचं बजेट बसवून देणारं, उपयोगिता प्रमाणपत्राची कटकट सांभाळणारं कोणी असेल, तरच ती त्या दारापर्यंत पोचते. युनिव्हर्सिटीतलं रिसर्च ऑफिस म्हणजे खरं तर एवढंच. पण हे 'एवढंच' नसलं की चांगला विषय वहीतच राहतो.

आपल्यापैकी बरेच जण ऑफिसच्या सीएसआरमधून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधून शिष्यवृत्त्या देतो. मार्कांची अट, इंग्रजी निबंध, ऑनलाइन इंटरव्ह्यू... फॉर्म आपणच बनवतो. पुढचा फॉर्म बनवताना एकदा विचारून बघा, यात अनंत फंदी कुठल्या रकान्यात बसले असते? आणि 'तृतीय रत्न' आलं असतं, तर आपण पास केलं असतं का?